ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदणी आणि स्पेशालिटी ट्रेनिंग : दोन खिडक्यांचे परीक्षण

गेल्या चार-साडेचार वर्षांत माझा सर्वाधिक पैसा ज्या सेवेवर खर्च झाला, ती म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवणे आणि त्यानंतर तेथील स्पेशालिटी ट्रेनिंगमध्ये, म्हणजे विशेषज्ञ होण्याच्या प्रशिक्षणात, शिरणे. मिक्सर घेण्यापूर्वी आपण चार जणांची मते वाचतो, पण एमबीबीएसनंतरची ही पाच-सहा लाख रुपयांची खरेदी बहुतेक जण कोणाच्या तरी मावसभावाच्या शब्दावर करतात, आणि मीही तशीच केली. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय महाविद्यालयातून पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण केली, 2021 च्या अखेरीस इंग्रजीची परीक्षा दिली, 2022 मध्ये प्लॅब या नोंदणीसाठीच्या पात्रता परीक्षेचे दोन्ही भाग उत्तीर्ण झाले, मार्च 2023 मध्ये उत्तर इंग्लंडमधील एका जिल्हा रुग्णालयात रुजू झाले आणि ऑगस्ट 2025 पासून जनरल प्रॅक्टिसच्या (फॅमिली डॉक्टर होण्याच्या) तीन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये आहे. पुढील मते या एका प्रवासावर आधारलेली आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावीत.

नोंदणीच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार तारे देते आणि ट्रेनिंगच्या प्रवेशाला अडीच. एकाच देशातील, एकाच व्यवसायातील या दोन खिडक्यांत एवढा फरक का, याचे उत्तर स्पर्धा परीक्षांच्या गावात वाढलेल्या कोणालाही लगेच कळेल. पहिली खिडकी पात्रतेची आहे आणि दुसरी स्पर्धेची. नेट-सेट झालेल्या मुलीला प्राध्यापकाची नोकरी लागली असे आपल्याकडे कोणी समजत नाही, पण प्लॅब झाला की "पोरगी यूकेला लागली" म्हणून पेढे वाटले जातात. आमच्या घरीही वाटले गेले, आणि त्यानंतर सात महिने मी बेकार होते.

आधी पहिल्या खिडकीविषयी. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदवही जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था सांभाळते. तिची स्थापना 1858 च्या वैद्यकीय कायद्याने झाली. (आपल्याकडे जीएमसी म्हटले की नागपूरचे किंवा बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय डोळ्यांसमोर येते, त्यामुळे "मला जीएमसीचा मेल आला" या वाक्याने माझ्या घरी बराच काळ गोंधळ होत असे.) आपल्या पदव्या तेथे एके काळी परीक्षेविना मान्य होत्या, ही सोय 1970 च्या दशकाच्या मध्यात संपली आणि पुढे जी परीक्षा रूढ झाली ती प्लॅब. एमडी, एमएस झालेल्यांनी मात्र प्लॅबकडे वळण्यापूर्वी रॉयल कॉलेजांच्या (तेथील विशेषज्ञ डॉक्टरांच्या संस्थांच्या) परीक्षांचा, म्हणजे एमआरसीपी, एमआरसीएस वगैरेंचा विचार करावा, कारण त्यांच्या आधारेही नोंदणी मिळते आणि ती पदवी पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. शिवाय मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या योजनेखाली जास्तीत जास्त 24 महिन्यांसाठी जाऊन परत येण्याचा मार्गही आहे. मी केवळ एमबीबीएस असल्याने माझ्यापुढे प्लॅबच होता.

या खिडकीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, काय हवे ते ती आधीच आणि एकदाच सांगते. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण 7.5 आणि चारही विभागांत किमान 7, किंवा ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत चारही विभागांत बी श्रेणी, हा नियम कोणासाठी वाकत नाही. मला पहिल्या वेळी लेखनात 6.5 मिळाले आणि एकूण 8 असूनही ती परीक्षा वाया गेली. दुसऱ्या वेळी मी ओईटी दिली. तिच्यात रुग्णाविषयीचे पत्र लिहायचे असते, त्यामुळे ती डॉक्टरांना सोपी जाते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. प्लॅबचा पहिला भाग म्हणजे तीन तासांत 180 बहुपर्यायी प्रश्न, आणि तो भारतातही देता येतो. आपल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी केलेल्याला त्यातील वैद्यक अवघड वाटत नाही. अडते ते ब्रिटिश पद्धतीपाशी, कारण तेथे "निदान काय" यापेक्षा "आता या घडीला पुढे काय कराल" असे विचारले जाते आणि पाचही पर्याय आपण कधी ना कधी केलेले असतात. दुसरा भाग पहिल्यानंतर दोन वर्षांच्या आत द्यावा लागतो आणि प्रत्येक भागासाठी चार संधी मिळतात. पहिल्याचे शुल्क 250 पौंडांहून अधिक आणि दुसऱ्याचे सध्या 1,000 पौंडांच्या आसपास आहे.

कागदपत्रांच्या भागाला मी थोडे थांबून लिहिते, कारण मराठी माणसाची गाडी नेमकी येथेच अडते. पदवीची खातरजमा जीएमसी स्वतः करीत नाही. एपिक नावाच्या अमेरिकी सेवेमार्फत ती थेट महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून केली जाते, आणि त्यासाठी आधी संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून परदेशी नोटरीला पासपोर्ट दाखवावा लागतो. माझ्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात माझे आणि वडिलांचे नाव एकत्र आहे आणि आडनाव स्वतंत्र आहे. गुणपत्रिकेवर आपल्या शिरस्त्याप्रमाणे आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव खालच्या ओळीत. दहावीच्या प्रमाणपत्रात वडिलांच्या नावापुढे "राव" लागलेले आहे आणि पदवीत ते गळलेले आहे. पलीकडच्या माणसाला या चार कागदांवर चार स्त्रिया दिसतात. मी प्रतिज्ञापत्र करून दिले आणि ते मान्य झाले, पण ते करावे लागणार हे आधीच ठाऊक असते तर तीन आठवडे वाचले असते. ज्यांनी लग्नानंतर नाव बदलले आहे त्यांनी राजपत्रातील नोंद हाताशी असल्याशिवाय खातेच उघडू नये.

त्यानंतर महाविद्यालयाकडे खातरजमेची विनंती गेली आणि तेथे ती पाच आठवडे पडून राहिली. संबंधित लेखनिकाच्या म्हणण्याप्रमाणे असा कोणताही मेल आलेला नव्हता. अखेर माझे वडील सकाळच्या एसटीने गेले, कार्यालयाच्या बाकावर बसून राहिले, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तो मेल "स्पॅम"मध्ये सापडला. त्याच दिवशी सायंकाळी साडेपाच वाजता माझ्या खात्यावर पडताळणी पूर्ण झाल्याची खूण उमटली. हा अर्धा तारा मी कोणाच्या खात्यातून कापावा हे मला अजून ठरवता आलेले नाही, पण साडेचारचे पाच झाले नाहीत ते या बाकामुळे.

गुड स्टँडिंग प्रमाणपत्राबाबत मात्र चूक सर्वस्वी माझी होती. ज्या कौन्सिलकडे आपण नोंदलेले आहोत तिने "या डॉक्टरविरुद्ध काही कारवाई नाही" असे देण्याचे हे प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी तीन महिन्यांच्या आतले असावे लागते. मी उत्साहाच्या भरात ते दुसऱ्या भागाच्या आधीच काढून ठेवले आणि प्रत्यक्ष अर्ज करीपर्यंत ते शिळे झाले. ते पुन्हा काढावे लागले. पूर्ण नोंदणीसाठी बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि तिच्यात किमान तीन महिने मेडिसिन व तीन महिने सर्जरी अशी अट आहे, म्हणून इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर विभागवार तारखा आहेत की नाही हे महाविद्यालय सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे. अस्थिरोग आणि कान-नाक-घसा येथील महिने सर्जरीत धरले जाऊ शकतात, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा भाग मँचेस्टरमध्ये हार्डमन स्ट्रीटवरील जीएमसीच्या स्वतःच्या केंद्रात होतो. सोळा प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटे, आणि प्रत्येक दाराबाहेर चिकटवलेला मजकूर वाचण्यासाठी दीड मिनिट. आत रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती बसलेली असते आणि कोपऱ्यात परीक्षक. प्रसंग बाहेर सांगण्यास बंदी आहे आणि मी ती मोडणार नाही, पण व्यवस्थेविषयी सांगता येते, आणि व्यवस्था मला निर्दोष वाटली. कर्मचारी नम्र होते, सूचना स्पष्ट होत्या, आणि आम्हा उमेदवारांत कोण कोठून आले आहे याचा कोणाच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. गुण तीन अंगांनी दिले जातात : माहिती घेणे व तपासणे, उपचारांची आखणी, आणि माणसाशी वागणे. निकालासोबत प्रत्येक प्रसंगातील तिन्ही अंगांचे गुण मिळतात, त्यामुळे नापास होणाऱ्यालाही आपण कोठे पडलो ते कळते. आपल्या विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झालेल्या माझ्या वर्गमित्राला आजही ते कळलेले नाही.

याच टप्प्यावर मी शिकवणीला गेले, तेव्हा तिचेही परीक्षण येथेच करते. नाव देत नाही. दोन आठवड्यांच्या वर्गाचे शुल्क परीक्षेच्या शुल्काच्या जवळपास निम्मे होते आणि निवासाची सोय म्हणजे एका खोलीत सहा खाटा, एक केटल आणि कायम ओला असलेला गालिचा. शिक्षकांनी आम्हाला साचेबंद वाक्ये पाठ करायला लावली. रुग्णाने काहीही सांगितले तरी "आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट" म्हणायचे. सरावात एका मुलाने "मला नुकतीच मुलगी झाली" या वाक्यावरही तेच उत्तर दिले आणि आम्ही सगळे हसलो, पण तो हसला नाही, कारण त्याचा तो तिसरा प्रयत्न होता. शिकवणीचा खरा लाभ त्या ओल्या गालिच्यावर झाला. केरळची एक आणि चंद्रपूरचा एक असे दोन जोडीदार मला तेथे मिळाले, आणि आम्ही रात्री अकरापर्यंत आळीपाळीने रुग्ण होत असू. चंद्रपूरकराने पहिल्याच रात्री माझे वर्म काढले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारता कुठं दुखतंय, कधीपासून, जेवण जातं का, आणि उत्तर यायच्या आत गोळ्या लिहायला घेता." दिवसाला दीडशे केसपेपर संपवण्याच्या ओपीडीत ती सवय लागलेली होती. समोरच्याला "तुम्हाला स्वतःला हे कशामुळे झालंय असं वाटतं" असे विचारून नंतर गप्प बसायचे, ही कला मी तेथे शिकले. त्यासाठी शिकवणीचे पैसे मोजायची गरज नव्हती, जोडीदार पुरेसे होते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला वर्ग घ्यावासा वाटला तर घ्यावा, पण नोकरीची हमी देणाऱ्या कोणत्याही वर्गाला पैसे देऊ नयेत.

निकाल लागला, ओळखतपासणी मोबाईलवरील अ‍ॅपने झाली, आणि काही दिवसांत माझे नाव नोंदवहीत आले. ही नोंदवही सर्वांना खुली असते. सात आकडी क्रमांक टाकून आईने स्वतः ते नाव शोधले आणि पडद्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या गटात टाकला. मला मात्र त्या दिवशी कळले की परवान्यासह नाव टिकवायला दर वर्षी 450 पौंडांहून अधिक भरावे लागतात, आणि नव्याने आलेल्याला मान्यताप्राप्त ठिकाणीच काम करता येते. नोकरी नसताना ही रक्कम जड जाते. दुसऱ्या भागानंतर नोंदणीसाठी अर्ज करण्यास मुदत असते, पण नोकरीच्या जाहिरातींत बहुधा नोंदणी आधी मागितली जाते, त्यामुळे थांबण्यातही शहाणपण नाही. मी एकशे चौदा अर्ज केले आणि तीन मुलाखती मिळाल्या. काही जाहिराती सकाळी लागून संध्याकाळी बंद होत, कारण तेवढ्यात अर्जांची संख्या भरून जात असे. मिळाली ती नोकरी ट्रस्ट ग्रेडची होती, म्हणजे काम ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांइतकेच, पगारही साधारण तसाच, पण शिकण्याची जबाबदारी कोणाचीही नाही.

आता दुसरी खिडकी. जनरल प्रॅक्टिस, मानसोपचार, मेडिसिन, सर्जरी अशा शाखांच्या ट्रेनिंगचे अर्ज ओरिएल नावाच्या संकेतस्थळावर भरले जातात. पहिल्या फेरीचे अर्ज साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत घेतले जातात आणि जागा पुढील ऑगस्टपासून सुरू होतात. संकेतस्थळ नीटनेटके आहे, त्याविषयी तक्रार नाही. परदेशात शिकलेल्याला मात्र क्रेस्ट नावाचा अर्जही जोडावा लागतो, ज्यात एखाद्या कन्सल्टंटने (वरिष्ठ विशेषज्ञ डॉक्टरने) तुमच्या पायाभूत कौशल्यांवर एकेक करून सही करायची असते. सही करणाऱ्याने तुमच्यासोबत किमान तीन महिने सलग काम केलेले असावे लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये माझ्या नव्या कन्सल्टंटसोबत माझे दहा आठवडे झाले होते, आणि आधीचे कन्सल्टंट रुग्णालय सोडून गेले होते व मेलला उत्तर देत नव्हते. तीन आठवडे कमी पडले आणि माझे एक वर्ष गेले. सही करणारा ब्रिटनमध्येच असला पाहिजे अशी अट नाही, भारतातील वरिष्ठही स्वतःच्या नोंदणीचा पुरावा जोडून ती करू शकतात, हे मला जानेवारीत समजले. हे वाचणाऱ्याने निघण्यापूर्वीच आपल्या वरिष्ठांना तो अर्ज दाखवून ठेवावा.

पुढच्या वर्षी अर्ज ग्राह्य ठरला आणि मी एमएसआरए या ट्रेनिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसले. जनरल प्रॅक्टिससाठी माझ्या फेरीत सर्व भिस्त या एकाच परीक्षेवर होती, मुलाखत नव्हती. एका पेपरात 75 मिनिटांत 97 वैद्यकीय प्रश्न असतात आणि दुसऱ्यात व्यावसायिक पेचप्रसंग. सराव-प्रश्नांतला एक नेहमीचा पेच असा असतो की, वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडाला सकाळी दारूचा वास येतो आहे, तर पुढील पाच कृती योग्यतेच्या क्रमाने लावा. मी पहिल्या सरावात "काही न बोलता त्यांचे काम स्वतः करून टाकणे" ही कृती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली होती. निवासी डॉक्टर म्हणून आपण जे शिकतो ते माझ्या हातून आपसूक उतरले होते. हा पेपर इंग्रजीचा नाही आणि वैद्यकाचाही नाही, तो त्या देशातील रुग्णालयाच्या रीतिभातीचा आहे, आणि तेथे वर्षभर काम केल्याशिवाय त्यात वर येणे कठीण आहे.

येथे मी अडीच तारे का कापते ते सांगते. पहिल्या खिडकीवर ठरलेली पातळी गाठली की आत घेतले जाते, मग शेजारचा कितीही हुशार असो. दुसऱ्या खिडकीवर पातळीचा प्रश्नच नसतो, शेजाऱ्यापेक्षा वर असावे लागते, आणि शेजारी दर वर्षी वाढत आहेत. 2019 मध्ये सुमारे 9,000 जागांसाठी सुमारे 12,000 डॉक्टरांचे अर्ज होते, तर 2025 मध्ये सुमारे 10,000 जागांसाठी ते 30,000 च्या वर गेले. 2026 च्या फेरीपासून एका उमेदवाराला पाचच अर्ज करता येतील अशी मर्यादा घातली गेली. जुलै 2025 च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना आणि तेथील सेवेत लक्षणीय काळ काम केलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर झाले, आणि जानेवारी 2026 मध्ये त्यासाठीचे विधेयकही संसदेत मांडले गेले. आपल्या करदात्यांच्या पैशांतून शिकलेल्या मुलांना आधी जागा द्याव्यात, यात मला अन्याय दिसत नाही. महाराष्ट्रातही राज्याचा कोटा आहेच. माझा आक्षेप एवढाच आहे की, नियम मध्येच बदलले की आधी पैसे भरून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचे काय, याचा विचार सर्वांत शेवटी होतो. 2006 मध्ये असेच घडले होते. व्हिसाचे नियम अचानक फिरले आणि भारतातून गेलेले कित्येक डॉक्टर अधांतरी राहिले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या बापिओ या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर अनेक जण सामान बांधून परतलेले होते.

दुसऱ्या खिडकीचे अडीच तारे मात्र मी मनापासून देते, कारण आत गेल्यावर मिळणारे शिक्षण त्या रांगेला शोभेसे आहे. आठवड्यातील शिकण्याचे तास वेळापत्रकात छापलेले असतात आणि ते खरोखर पाळले जातात. माझ्या पर्यवेक्षक डॉक्टर माझ्या प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटे दार लावून बसतात. पहिल्या महिन्यात एका वृद्ध गृहस्थांना मी साडेसहा मिनिटांत मोकळे केले, तेव्हा पर्यवेक्षकांनी मला विचारले की, ते गृहस्थ उठताना दाराशी का थांबले होते हे तुम्ही पाहिले का. मी पाहिले नव्हते. त्यांना परत बोलावले तेव्हा खरी तक्रार निघाली, ती लघवीतल्या रक्ताची होती.

आज नव्याने निघणाऱ्याने ही सेवा घ्यावी का, असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. ज्याला भारतात एमडी-एमएसची जागा मिळाली आहे त्याने ती सोडून केवळ प्लॅबच्या जोरावर येऊ नये, आधी पदव्युत्तर शिक्षण आणि मग रॉयल कॉलेजची परीक्षा हा क्रम आजच्या घडीला अधिक भरवशाचा आहे. केवळ एमबीबीएस असलेल्याने नोंदणीनंतरच्या किमान एक वर्षाच्या राहणीचा खर्च हाती असल्याशिवाय दुसऱ्या भागाचे विमान पकडू नये, आणि पहिल्या नोकरीत रुजू झाल्याच्या आठवड्यातच क्रेस्टवर सही कोण करणार ते ठरवून घ्यावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणी कोणत्याही परिस्थितीत जिवंत ठेवावी. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते आणि त्यासाठी 30 क्रेडिट, म्हणजे परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात. माझी मुदत यंदा संपते, माझ्याकडे अकरा क्रेडिट आहेत, आणि उरलेले एकोणीस दिवाळीच्या रजेत मिळवायचे आहेत.